हरणाच्या फुलाचा कौल

घाटावरच्या माणसाला हरण म्हटलं की चार पायांचं जनावर आठवतं. आमच्या मसुऱ्याच्या बाजूला हरण म्हणजे फूल. भाद्रपदात सड्यावर येतं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा सपाट कातळ, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. तिथे गुरंसुद्धा थांबत नाहीत. पाऊस सुरू झाला की त्या कातळाच्या भेगांत आणि खळग्यांत बोटभर माती धरते, आणि तेवढ्याशा मातीवर भाद्रपदात हरण उभं राहतं. वीतभर झाड, पानांना करवतीसारखे दाते, टोकाला चवलीच्या नाण्याएवढं पिवळं फूल. एकदा माझ्या भावाने हौसेने चार झाडं मुळासकट उपटून देवळाच्या परड्यात लावली, वर शेणखत घातलं. झाडं कमरेएवढी माजली आणि फूल म्हणून एक धरलं नाही. हरणाला कातळच लागतो.

माझी भाची नीरजा सावंतवाडीला शाळेत शिकते. तिने एकदा भिंग लावून दाखवलं की हे एक फूल नव्हेच. मधल्या पिवळ्या गादीत कितीतरी बारीक फुलं दाटीने बसलेली असतात आणि बाहेरची एकेक पाकळी हेही एक फूलच. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस, म्हणजे इतकी वर्षं मी देवीला एकाच्या जागी शंभर फुलं घालत आले.

मी गोदूबाई. माझा भाऊ दाजी सातेरीच्या देवळाचा गुरव. एकोणिसाव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं आणि मी माहेरी आले ती कायमची. देवळाची फुलं आणायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा, विधवेने देवीची फुलं काढावीत का, यावर गावाने महिनाभर काथ्याकूट केला. मग पहाटे सड्यावर चिखलात जायचं कुणी, असा प्रश्न निघाला आणि काथ्याकूट आपोआप संपला. त्याला तीस वर्षं झाली होती.

आता कौलाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गावात काही अडलं, दोन मतं पडली, की सातेरीला विचारायचं. दाजी देवीच्या पाषाणाला पाणी लावतो आणि दोन्ही खांद्यांवर एकेक हरणाचं फूल पेरभर देठासकट चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे मोठ्याने प्रश्न मांडतो, आणि सगळे गप्प बसतात. देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर उजवा कौल, म्हणजे होय. डावं पडलं तर नाही. दुसऱ्या गावांत तांदूळ लावतात, तुळस लावतात. आमची देवी मोठ्या प्रश्नाला हरणाशिवाय बोलत नाही, त्यामुळे गावाचे मोठे प्रश्न भाद्रपदापर्यंत ताटकळत बसतात. निम्मी भांडणं त्याआधीच मिटतात, हा त्यातला फायदा.

फुलं काढायचा नियम एकच, दोन्ही एकाच झाडाची हवीत. का, ते मला कुणी सांगितलं नाही. ते सड्यावर माझं मलाच कळलं. सड्याच्या मध्यावर एक खोलगट जागा आहे, तिला देवीची कोंड म्हणतात. तिथे दसऱ्यापर्यंत घोटाभर पाणी असतं. त्या पाण्यात उभं असलेलं हरण रसरशीत. त्याचा देठ मोडायला गेलं तर वाकतो, तुटत नाही, आणि रस बोटांना चिकटतो. ते ओल्या दगडाला लावलं की दोन दोन तास हलत नाही. उलट सड्याच्या कण्यावर, उघड्या कातळाच्या भेगेत येणारं हरण दिसायला तेच, पण देठ काडीसारखा. समईची धग लागली की अर्ध्या तासात आक्रसतं आणि सुटतं. म्हणजे एक फूल कोंडीतलं आणि एक कण्यावरचं काढलं, तर देवी काय बोलणार हे मी सडा उतरतानाच सांगू शकले असते. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि तसं कधी केलंही नव्हतं. कर नाही त्याला डर कशाला?

एकोणीसशे एकोणसाठ साली मात्र डर लागायची वेळ आली.

गाबितवाड्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वाडीतल्या, गंगूचा मुलगा लवू सहा वर्षांपूर्वी मीठ वाहणाऱ्या मचव्यावर गेला होता. मचवा रत्नागिरीच्या पुढे वादळात फुटला. पाच माणसांतली दोन पोहून आली, दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, आणि लवूचं काहीच कळलं नाही. घरात राहिल्या गंगू आणि तिची सून सुगंधा. गंगू मासे विकायची, सुगंधा मासे सुकवायची आणि पावसाळ्यात सड्यावर गवत कापायची. सासूसुनेचं भांडण कुणी ऐकलं नव्हतं, आणि गंगूचा आवाज तर चार वाड्यांना ऐकू जायचा.

त्या वर्षी आरोंद्याच्या गुणाजीने सुगंधाला मागणी घातली. गुणाजी बिजवर, पदरी दोन लहान मुलं, खाडीत स्वतःची होडी. माणूस सरळ होता. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. मुलांना बघायला घरात कुणी नव्हतं, त्याहून जास्त त्याला थांबणं शक्य नव्हतं. गाबितांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्याला कुणाची ना नसते. पण सुगंधा विधवा होती की नव्हती? पंचांत शेवटचा शब्द आबाचा. आबा म्हणाला, देवीला विचारू, लवू जिवंत आहे का. लवू गेला असेल तर पाट लावा, जिवंत असेल तर तिने वाट बघायची. गौरी-गणपती झाल्यावरचा सोमवार ठरला.

आदल्या दिवशी दुपारी मी देवळाच्या पायरीवर वाती वळत बसले होते. सुगंधा आली आणि दोन पायऱ्या खाली बसली.

"गोदूबाय, एक मागतंय. रागवा नको. माका डावो कौल व्हयो."

"कौल म्हणजे काय बाजारातलो बांगडो? व्हयो तो उचललो?"

"लवू जितो आसा," ती म्हणाली.

माझ्या हातातली वात सुटली. गाबितवाड्यातलाच सत्यवान मुंबईला ट्रॉलरवर काम करायचा. त्याने लवूला भाऊच्या धक्क्यावर जाळी शिवताना बघितलं होतं. लवूने आधी तोंड फिरवलं, मग पाय धरले.

"बाईल केल्यान थंय," सुगंधा म्हणाली. "दोन पोरां आसत. 'घराक सांगा नको' म्हणान सत्यवानाक शपथ घातल्यान."

"मगे पंचांसमोर तसा सांग. काडी मोडून देतले तुका."

काडी मोडणं म्हणजे त्यांच्यातला सोडचिठ्ठीचा रिवाज. पंचांसमोर काडी मोडली की नवराबायकोचं नातं तुटलं.

"आणि म्हातारेक काय सांगू? नारळी पुनवेक ती अजून लवूच्या नावान दर्याक हात जोडता. झील जितो आसान घराक येणा नाय, ह्या कळला तर मरतली ती. दर्यान व्हरलो म्हटल्यार रडतली, पण जगतली."

"आणि ह्या माका कित्याक सांगतंस?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "दोन वर्सां तुझ्यावांगडा सड्यार येतंय. कोंडीतला हरण वाकता, कण्यावरचा मोडता. तू दोनव फुलां एका झाडाची कित्याक काढतंस, तां समाजला माका."

तीस वर्षं पोटात ठेवलेलं या पोरीने दोन पावसाळ्यांत ओळखलं होतं. मला आधी कौतुक वाटलं आणि लगेच राग आला, आणि रागच बाहेर पडला. "देवीच्या दारात बसून माका लबाडी शिकवतंस? उठ आधी! परत ह्या तोंडातसून काढलंस तर दाजीक सांगान." ती उठली. रडली नाही, रागावलीही नाही. पदर खोचून खाली उतरून गेली. मला वाटलं, बरं केलं. तासाभराने वाटलं, उगाच केलं.

तिन्हीसांजेला गंगू आली. हातात नारळ. बाजारात मासे विकणारी ही बाई, हिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"गोदू, उद्या फुलां तूच काढतलंस मा?"

"मगे कोण?"

"काढताना देवीक माझा एक सांग. म्हण, डावो कौल दी. गंगूचो झील मेलो म्हणान सांग."

ही आई स्वतःचा मुलगा मेला असं देवीकडून वदवून घ्यायला आली होती. तिने खाली बघून तेच सगळं सांगितलं. मुंबई, धक्का, जाळी, दुसरी बायको, दोन मुलं. सत्यवानानेच. त्याला आपल्या पोटात ठेवणं झेपेना म्हणून त्याने आधी एकीला सांगितलं, मग दुसरीला, आणि दोघींनी त्याला एकमेकींपासून लपवायची शपथ घातली. लवूची धरून तीन शपथा त्याच्या डोक्यावर. यातली एक तरी त्याने पाळली, एवढं त्याचं पुण्य.

"सुनेक कळाक नको," गंगू म्हणाली. "सा वर्सां तेच्या नावाचा कुंकू लावता ती. तेना दुसरी केल्यान ह्या कळला तर काय वाटात तिका? मेलो म्हटल्यार निदान समजात, माझ्यार माया करत गेलो."

"तूच सांग मगे पंचांक, मेलो म्हणान."

"मी आवस आसंय गो," ती म्हणाली. "माझ्या तोंडातसून येणा नाय तां. देवीन म्हणूचा."

नारळ माझ्या हातात ठेवून ती गेली. कोंडीतलं आणि कण्यावरचं फूल यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने फक्त देवीला निरोप दिला होता.

मला वाईट वाटलं आणि फार राग आला. कुणाचा, ते सांगते. मी एकोणिसाव्या वर्षी परत आले तेव्हा माझ्यासाठी कुणी सातेरीला फूल लावलं नव्हतं. आमच्या घरात पाट लावत नाहीत, हे खरं. पण या मुलीने पुढे काय करावं, हे विचारायचं असतं असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझा बाप चांगला होता, भाऊ चांगला आहे, तरीही. तो राग मला तीस वर्षांनी, हातात दुसऱ्याचा नारळ घेऊन उभी असताना आला. मी तिथेच ठरवलं.

सोमवारी पहाटे सड्यावर गेले. रात्रभर बुरबुर पाऊस झाला होता आणि धुकं असं की टिटव्या ओरडत होत्या त्या दिसत नव्हत्या. पश्चिमेला चिरेखाणीचा खड्डा होता. शाळेच्या इमारतीसाठी शिमग्यानंतर ती खाण सुरू झाली होती. कोंड भरली की पाणी खाणीत उतरतं, अशी तिथल्या मुकादमाची तक्रार होती. मी त्याला श्रावणात बजावलं होतं, कोंडीला हात लावशील तर याद राख. तो "नाय गो गोदूबाय" म्हणून हसला होता. त्या पहाटे खाणीकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. मी चोरासारखी चालत होते. माझ्याच सड्यावर, तीस वर्षांच्या पायवाटेवर.

आधी कण्यावर गेले. भेगेतलं एक हरण बघून फूल खुडलं आणि तबकात डाव्या बाजूला ठेवलं. मग कोंडीत उतरले. कोंड पिवळी झाली होती, मधे सीतेच्या आसवांची निळी फुलं, नेहमीसारखीच. घाईघाईने मधलं एक टपोरं फूल काढलं आणि तबकात उजवीकडे ठेवलं. पाय किती ओले झाले, पाणी कुठवर आलं, हे बघायचं भानच नव्हतं. केळीचं पान वर झाकलं आणि परत फिरले.

देवळात माणूस मावत नव्हता. गाबितवाडा सगळा आला होता. पुढे पंच आणि आबा, खांबाशी गुणाजी मांडीवर टोपी ठेवून बसलेला, दाराशी सत्यवान. बायकांत गंगू आणि सुगंधा शेजारी शेजारी. मी तबक दाजीपुढे ठेवलं. तबकातलं उजवीकडचं फूल देवीच्या उजव्या खांद्यावर, डावीकडचं डाव्यावर. त्यात बदल होत नाही. दाजीने दोन्ही फुलं हातात घेतली, जरा जास्त वेळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी समईची वात सारखी करायला लागले.

त्याने फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "आई सातेरी, बारा पाचाच्या देवी म्हाराजा! आज गंगू आणि तिची सून तुझ्या पायाकडे इली आसत. हेंचो लवू दर्यार गेलो, तेका सा वर्सां झाली. तो जितो आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. तुझ्या लेकरांक वाट दाखय. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मग गप्प बसणं. मी डाव्या फुलाकडे बघत होते. अर्धा तास झाला असेल, ते जागचं हललं नाही. मला वाटलं, रात्रीच्या पावसाने जरा ओलं झालंय, पडेल. तेवढ्यात उजव्या फुलाच्या पाकळ्या आत वळायला लागल्या. कोंडीतल्या फुलाच्या! मी डोळे चोळले. देठ दगडापासून सुटून बाहेर आला, फूल एकदा डोललं आणि खालच्या तबकात पडलं.

"उजवो," दाजी म्हणाला. "जितो आसा."

देवळात एकच गलका झाला. कुणी घंटा वाजवली. बायकांनी गंगूला मिठ्या मारल्या. "भाग्याची गो गंगू! झील जितो आसा तुझो!" आबाने डोळे टिपले आणि सुगंधाला म्हणाला, "चल गो चेडवा, वाट बघ आता. येतलो तो." गुणाजीने टोपी डोक्यावर घातली. तो उठला. तीस वर्षांत पहिल्यांदा लबाडी केली आणि त्या लबाडीने पोरीचा गळा कापला.

त्या गलक्यात दोघीजणी गप्प होत्या. सुगंधा गंगूकडे बघत होती आणि गंगू सुगंधाकडे. मुलगा जिवंत म्हटल्यावर आईचा चेहरा फुलायला हवा, तो फुलला नव्हता. नवरा जिवंत म्हटल्यावर बायको रडायला हवी, ती रडली नव्हती. दोघींना एकाच वेळी कळलं असणार.

"आये," सुगंधा म्हणाली, "तुका म्हायत होता?"

"तुका कोणी सांगल्यान?" गंगूने विचारलं.

सुगंधाने दाराकडे बघितलं, गंगूनेही बघितलं. सत्यवान पायऱ्या उतरून चपला शोधत होता.

गंगू उठली. आता तिचा आवाज तिचा नेहमीचा होता. "देवीचा खरा आसा," ती म्हणाली. "झील माझो जितो आसा. मुंबैक आसा, भाऊच्या धक्क्यार. बाईल आसा तेका, पोरां आसत. तो दर्यात बुडाक नाय, तो आमका बुडवन गेलो." गलका थांबला. घंटा वाजवणाऱ्याने घंटेची दोरी हातात धरूनच ठेवली.

"आबा, काडी मोडा," ती म्हणाली.

आबा गडबडला, कारण नवऱ्याशिवाय काडी मोडायचा रिवाज नव्हता. "काडी घोवान मोडूची लागता, गंगू. घोव हजर व्हयो."

"मगे हाड तेका! देवीन सांगल्यान ना जितो आसा म्हणान? जा, घेवन ये. सा वर्सां तो येवक नाय, तू हाडतलंस?"

गंगू पुढे आली, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत, आणि हात घालून तबकातलं पडलेलं फूल उचललं. कौलाच्या फुलाला गुरवाशिवाय कुणी हात लावत नाही. दाजीने तिला अडवलं नाही.

"लवू हय नाय," गंगू म्हणाली. "तेची आवस हय आसा. जल्म मी दिलंय, काडीव मीच मोडतंय." तिने फुलाचा देठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि मोडला.

कट् करून आवाज झाला. एवढ्या माणसांत तो सगळ्यांना ऐकू आला. मला तर छातीत ऐकू आला, कारण कोंडीतल्या हरणाचा देठ कधीच मोडत नाही. वाकतो, सालीला लोंबत राहतो. हा सुक्या काडीसारखा दोन तुकडे होऊन तिच्या दोन हातांत राहिला होता.

एक तुकडा तिने आबापुढे ठेवला. दुसरा, फुलाचा, सुगंधाच्या ओंजळीत दिला. "आजपासून तू माझी सून नाय," ती म्हणाली. "चेडू माझा तू. गुणाजी, टोपी काढ आणि बस खाली." गुणाजी बसला. सुगंधाने गंगूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडायला लागली, आणि मग कुणाकडे बघायची सोय राहिली नाही, कारण देवळातल्या सगळ्या बायका रडत होत्या. मीसुद्धा.

पाट दसऱ्याच्या आधी आरोंद्याला लागला. गंगू सावंतवाडीला गाडी बदलून स्वतः मुलीला पोचवून आली. दाजी त्या फुलांबद्दल मला आजवर एक शब्द बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही. देवळात घडलं ते गावाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही ते मंगळवार सकाळचं.

मंगळवारी मी तांबडं फुटताच सड्यावर गेले. कोंडीत उतरले आणि या वेळी पायांकडे बघितलं. घोटा बुडायच्या जागी नुसता चिखल होता, वरवर रात्रीच्या पावसाचा ओलावा, आत बोट घातलं तर कोरडं. पश्चिमेच्या काठावर गेले. कातळाचा उंबरठा हातभर रुंद फोडून खाणीवाल्यांनी चर काढला होता, कोंडीचं पाणी खाणीबाहेरून ओढ्याला सोडायला. सगळी कोंड गळून गेली होती. माझ्या दोन फुलांत म्हणजे काही फरकच नव्हता. उलट कण्यावरच्या भेगेत रात्रीचा पाऊस धरून राहिला होता. जी जागा मी तीस वर्षं बघत आले ती या वर्षी मी बघितलीच नव्हती, आणि वर शहाणपणाने लबाडी करायला गेले होते. मुकादमाला मी तिथे उभी राहून ज्या शिव्या घातल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

मग दगड गोळा करायला लागले. चार दगड ठेवले असतील, तर गंगू सडा चढून आली. डोक्यावर माशांची पाटी नव्हती.

"देवीक माझो निरोप सांगलंस काय नाय?" तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. कण्यावरचं फूल, कोंडीतलं फूल, सुगंधाचं मागणं, माझं ठरवणं आणि हा चर. शिव्या देईल, देवळात जाऊन बोंब मारेल, असं वाटलं होतं. तिने वाकून चराकडे बघितलं, कोरड्या कोंडीकडे बघितलं.

"म्हणजे तू लबाडी केलंस," ती म्हणाली.

"केलंय."

"आणि जमाक नाय."

"नाय."

ती हसली. खरंच हसली, आणि पदर खोचून खाली बसली. मी दगड द्यायचे, ती चरात बसवायची. फटींत चिखल भरायचा, वर गवताची ढेपळं. मासे विकणारीचे हात, काम भराभर होत होतं. चर अर्धा बुजला असेल तेव्हा तिचे हात थांबले. बघते तर ती रडत होती. देवळात सगळ्या रडल्या तेव्हा ही एकटी रडली नव्हती.

"जितो आसा गो माझो झील," ती म्हणाली. "देवीन सांगल्यान. सत्यवानान सांगल्यान तेव्हा माका धड खरा वाटाक नाय. काल वाटला. आणि तेच घडियेक मी तेका तोडलंय."

मी चिखलाचा गोळा तिच्या हातात दिला. तिने तो फटीत दाबला, अंगठ्याने सारखा केला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.